ठाणेदार आणि राखणीचा डबा

हलक्या, लवकर पिकणाऱ्या धानाला वास सुटला की मला कुत्रा आठवतो. दिवाळीच्या तोंडावर कुणाला माहेर आठवतं, कुणाला आईच्या हातचे अनारसे. माझं आपलं कुत्रं. ओंबी पिवळी पडते, सकाळी बांधावरून चाललं की लुगड्याचा काठ दवानं पोटरीला चिकटतो, हवेत शेणाच्या सड्याचा आणि कच्च्या तांदळाचा असा मिळून एक वास येतो, आणि माझा हात आपोआप काठी शोधायला लागतो. डबा वाजवायला.

परवा नागपूरहून नातीचा फोन आला. तिच्याकडे एक लोकरीचा गोळा आहे, त्याला ती कुत्रा म्हणते. म्हणाली, "आजी, यंदा फटाक्यांसाठी त्याला कानटोपी मागवली. खास कुत्र्यांची." मी म्हटलं, "छान. स्वेटर पण घाल, आणि मावशीकडे ने फराळाला." ती रागावली. मग मीच हसले. कारण कुत्र्याच्या कानाचा बंदोबस्त करणारी घराण्यातली पहिली शहाणी मीच. तिच्यात ते माझ्याकडूनच गेलं असणार.

मी तेव्हा फार शहाणी होते. आता नाही; आता बरी आहे. नव्वदचं दशक उतरणीला लागलं होतं, मी चाळिशीला टेकले होते. माहेर चंद्रपूरचं, म्हणजे शहरातलं, आणि सासर तालुक्याच्या सावली गावापासून सायकलनं तासाभरावरच्या गावात. तीन बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, चौथ्या बाजूला जंगल. नवरा शाळामास्तर, म्हणून मी मास्तरीनबाई. दुपारी मासिकं वाचायची आणि संध्याकाळी त्यातलं ज्ञान गावाला वाटायची. गावानं मागितलेलं नसायचं. तरी वाटायची.

आणि आमचा ठाणेदार. खाकी रंगाचा, रुंद छातीचा गावठी कुत्रा. ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करायचा म्हणून हे नाव. रानडुकराच्या अंगावर जायचा, सापाला वाट अडवायचा. आणि लवंगी फटाका वाजला की पलंगाखाली जाऊन थरथरायचा. इतका, की पलंगावरचा माणूसही हलायचा.

डबा आला त्याच्या आदल्या वर्षीची दिवाळी सांगते, म्हणजे माझं शहाणपण किती खोल होतं ते कळेल. मासिकात वाचलं होतं, की भित्र्या जनावराच्या कानात कापूस घालावा. मी घातला. खोबरेल तेलात भिजवून. कापूस निघू नये म्हणून वरून लाल फीत बांधली, डोक्यावर फूल काढलं. सण म्हणून गळ्यात झेंडूची माळ, कपाळाला कुंकू. आणि पळून जाऊ नये म्हणून बैलाच्या दाव्यानं अंगणातल्या मांडवाच्या खांबाला बांधला. अगदी मधोमध, सगळ्यांना दिसावा असा. आमची शेजारीण गिरजाबाई कुंपणावरून बघत होती. म्हणाली, "मास्तरीनबाई, हे कुत्रं हाये का नवरदेव?"

पहिला बॉम्ब उडाला आणि नवरदेवानं खांबासकट मांडव हलवला. दावं तुटलं. लाल फीत फडकवत, माळ गळ्यात घेऊन तो जंगलाकडे जो गेला तो गेला. चार दिवस पत्ता नाही. लोकांनी विचारलं तर मी म्हणायची, "मुलचेऱ्याला पाहुणा गेलाय." मुलचेऱ्याला आमचं कोणीही नव्हतं. घरात मात्र मी भाऊबीजेचं ताट तसंच झाकून ठेवलं होतं आणि घास उतरत नव्हता. पाचव्या सकाळी तो आला. डावा कान अर्धा फाटलेला, फीत उजव्या कानात, कुंकू जसंच्या तसं. मला बघून शेपूट हलवली त्यानं. मला! मी असते तर चावले असते.

तर हे झालं आदल्या वर्षी. त्या वर्षी नशिबानं साथ दिली होती. पुढच्या वर्षी ती देईल असं काही दिसत नव्हतं, कारण दसऱ्याच्या आधीपासून गावाच्या कडेला बिबट्या फिरत होता. धान कमरेएवढं झालं की त्याला लपायला जागाच जागा. गावातले दोन कुत्रे गेले. तिसरा गेला तो गिरजाबाईचा राजा, तिच्या ओट्यावरून, भल्या पहाटे. बाई चूल पेटवत होती तेवढ्यात. सकाळी ओट्यावर फक्त त्याची जर्मनची, अ‍ॅल्युमिनियमची ताटली पालथी पडलेली. गिरजाबाई रडली नाही. ताटली धुतली आणि आमच्याकडे आणून दिली. "घ्या. तुमच्या नवरदेवाले होईन." असं म्हणून लगेच वळली.

म्हणजे आता हिशोब सरळ होता. ठाणेदार यंदा फटाक्याला घाबरून जंगलात पळाला, तर पाचव्या दिवशी परत येणार नव्हता.

मास्तर म्हणाले, "घरात कोंडून ठेव." पण दिवाळीत आमच्याकडचं घर म्हणजे घर नसतं, बाजार असतो. भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते, पाहुणे बैलबंड्या भरभरून येतात, दार मिटायला सवड नसते. कोण आत, कोण बाहेर याची दाद नसते. एक माणूस चप्पल काढायला थांबला की दारातून चार कुत्रे आणि दोन शेळ्या जाऊन आल्या म्हणून समजा. कोंडून काही होणार नव्हतं.

मग एक दिवस शेतात ती गोष्ट माझ्या डोक्यात आली. धानाची राखण करायला आमच्याकडे शेतातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, टिनाचा डबा टांगलेला असतो. रानडुकरं आली की राखणदार काठीनं तो बडवतो. ठाणेदार मास्तरांबरोबर शेतावर जायचा. मास्तर डबा वाजवायचे तेव्हा तो दूर बांधावर जाऊन बसायचा, पण पळायचा नाही. का? कारण त्यानंतर मास्तर शिदोरी सोडायचे. भीती आणि भाकर यांची त्याच्या पोटात कुस्ती लागायची आणि भाकर थोडक्यात जिंकायची.

मी म्हटलं, थोडक्यात काऊन? जोरात जिंकवू.

आमचा डबा गंजून भोकं पडलेला. सोमवारच्या बाजारी तो घेऊन सावलीला गेले. तिथं इब्राहिमचाचा डबे-पिपे ठोकायचे, सगळ्या तालुक्याच्या चाळण्या आणि कंदील त्यांच्या हातून गेलेले. त्यांनी डबा कानाशी धरून टिचकी मारली.

"आवाज कितना होना, बाई? डुकराले भेव वाटन एवढा का माणसाले उठवन एवढा?"

"कुत्र्याले भूक लागन एवढा, चाचा."

चाचांनी हातोडा खाली ठेवला. चष्मा कपाळावर घेतला. "साठ साल झाले डबे ठोकून राह्यलो. असं माप आजपर्यंत कोनी नाई सांगतलं." पण डबा असा बनवून दिला, की पुढे त्याच्या आवाजानं आमच्या घरातल्या पाली भिंत सोडून गेल्या.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी डबा गोधडीत गुंडाळला आणि बोटानं टकटक केली. ठाणेदार पलंगाखाली. मी डब्यावर भाकरीचा तुकडा ठेवला आणि स्वयंपाकाला लागले. तासानं बघते तर तुकडा नाही आणि ठाणेदार पलंगाखालीच, तोंड पुसून. दुसऱ्या दिवशी गोधडीची एक घडी काढली. मग दुसरी. मग चमचा, मग पळी, मग काठी. डबा वाजल्याशिवाय खायला नाही, आणि डबा वाजला की खायला आहेच, हा नियम. सुक्या भाकरीनं भागेना तेव्हा झिंगे कालवले. झिंग्यांपुढे तर आमच्या गावात माणसंही टिकत नाहीत.

गावाला करमणूक झाली. संध्याकाळी बायका पाण्याला जाता जाता कुंपणाशी थांबायच्या. गिरजाबाई तर पाटच टाकून बसायची.

"काय शिकवून राह्यल्या वो त्याले? बँड?"

"भिऊ नको म्हणून शिकवून राह्यली."

"आमच्या राजाले तं कशाचंच भेव नव्हतं," ती म्हणाली. मग पाट जरा पुढे सरकवून, "थोडं असतं तं बरं झालं असतं."

मी पळी वाजवायची थांबले. ती म्हणाली, "वाजवा न. थांबल्या काऊन? भूक लागली त्याले."

दिवाळी आली तोवर ठाणेदार पदवीधर झाला होता. मी डबा बडवला की तो पलंगाखालून नाही, गल्लीच्या टोकावरून धावत यायचा, राजाची ती जर्मनची ताटली तोंडात धरून. दणका जेवढा मोठा, तेवढी लाळ जास्त. नात म्हणते, "आजी, याला शास्त्रात नाव आहे." असेल. गिरजाबाईनं पण एक नाव ठेवलं होतं, ते इथं लिहीत नाही.

माझा ताठा काय विचारता! नवं लुगडं नेसून लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी ओट्यावर अशी बसले होते, की जणू पणत्या माझ्यासाठीच लावल्यात. समोरच्या घरापुढे पहिला सुतळी बॉम्ब उडाला. सगळ्यांनी ठाणेदाराकडे पाहिलं. ठाणेदारानं कान टवकारले, दीड कान. उठला. ताटली उचलली. आणि शांतपणे बॉम्ब उडाला होता तिथं जाऊन, धुरात, ताटली समोर ठेवून बसला.

लोक हसले, मी सगळ्यात जास्त हसले. कुणीतरी त्याला करंजी दिली. तेवढ्यात वरच्या आळीत लड लागली. ठाणेदारानं ताटली उचलली आणि वरच्या आळीला गेला. मग देवळापाशी. मग ग्रामपंचायतीपुढे. जिथं आवाज, तिथं पंगत, असा त्याचा समज. ग्रामपंचायतीपुढे मी पोचले तर वात फुरफुरत होती आणि तो तिच्याजवळ जाऊन 'कधी वाढता?' असं बघत होता. मी नव्या लुगड्यासकट त्याच्यावर उडी घेतली. बॉम्ब फुटला तेव्हा आम्ही दोघं नालीत होतो. लुगड्याला ठिणगीनं सात भोकं. अजून आहे ते माझ्याकडे, दुपटी होऊन; त्यात नातवंडं वाढली.

पळून जाऊ नये म्हणून मी कुत्र्याची भीती घालवली होती. आता तो आवाजापासून नाही, आवाजाकडे पळत होता. एवढा साधा विचार वीस दिवसांत माझ्या डोक्यात आला नव्हता. मास्तर नालीकाठी कंदील धरून उभे होते. एवढंच म्हणाले, "शिकवणी चांगली झाली. फक्त अभ्यासक्रम चुकला."

आणि दुसऱ्या दिवशी पाडवा. आमच्याकडे त्या दिवशी गायगोधन असतं. गाई-बैलांच्या अंगावर गेरूचे ठसे, शिंगांना रंग, गळ्यात झेंडू, आणि गावाबाहेर आखरावर, म्हणजे गुरं गोळा होतात त्या मोकळ्या जागेवर, सगळा गाव जमतो. गावाचा गुराखी सोमाजी त्या दिवशी राजा. नवं धोतर, डोक्याला मोरपीस, हातात काठी. ढोल, डफडं, बासरी. गुरांच्या मागे फटाके लावतात, कळप शेपट्या वर करून उधळतो, धुळीचा ढग उठतो, आणि बायका ओवाळायच्या ताटांवर पदर धरतात. मला अजून तो दिवस आवडतो. धुळीलासुद्धा त्या दिवशी रंग असतो.

ठाणेदाराला मी घरी आतल्या खोलीत ठेवलं होतं, कडी लावून, कडीला सुतळी बांधून. पाहुण्यांना बजावलं होतं. दिवस कलला, आखरावरचे फटाके संपून सोमाजीचा नाच ऐन भरात आला, आणि लांबून, जंगलाच्या अंगानं, एक दणका ऐकू आला. मग दुसरा. सगळा गाव आखरावर, म्हणून डुकरांनी दिवसाउजेडीच रामाजीच्या शेवटच्या बांधीत शिरकाव केला होता, आणि रामाजी माळ्यावरून त्यांना हाकलायला बॉम्ब फोडत होता. रामाजीची बांधी म्हणजे जंगलाला लागून. बिबट्याचे पंजे आठ दिवसांत तिथं तीनदा उमटले होते.

मी सोडून त्या दणक्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी वळून पाहिलं, तर आमच्या गल्लीतून एक खाकी रेघ निघाली. तोंडात चमकती ताटली. पाहुण्यांपैकी कुणीतरी फराळाचा डबा शोधायला ती खोली उघडली होती.

"ठाणेदाऽऽर!" मी ओरडले. ढोलाच्या आवाजात ते मलाच ऐकू आलं नाही. तो बांधावर चढला, धानात शिरला. पिवळ्या धानात त्याच्या पाठीची रेघ थोडा वेळ हलताना दिसली. मग तीही नाही.

शहाणपण कसं उतरतं सांगू? पायातून. मी मटकन खाली बसले आणि मोठ्यानं रडायला लागले. चारचौघांत, मास्तरांची बायको, सणाच्या दिवशी.

गिरजाबाईनं मला दंडाला धरून उठवलं. "रडून का राह्यल्या? तो काही भिऊन नाई पळाला. जेवाले गेला. मंग जेवाले बोलवा न त्याले! डबा कुठी हाये तुमचा?"

डबा घरी. मी पळाले. आयुष्यात तेवढी मी नंतर कधी पळाले नाही, आधीही नाही. परत येऊन बांधावर उभी राहून डबा बडवायला लागले. तिकडून रामाजीचा दणका, इकडे माझा डबा. पण माझ्या मागे ढोल आणि डफडं चालू, डबा त्यात बुडून जात होता. मग गिरजाबाई आखराच्या मधोमध गेली, सोमाजीच्या ढोलकऱ्यांपुढे हात आडवे करून उभी राहिली. गायगोधनाचा नाच मध्येच थांबवणं, हे आमच्या गावात आजवर कुणी केलं नव्हतं.

"सोमाजी भाऊ, थांबवा! मास्तरीनबाईचा ठाणेदार वाघाकडे गेला. डबा ऐकू येत नाई."

सोमाजीचं मोरपीस थरथरत होतं, श्वास फुललेला. त्यानं एकदा जंगलाकडे पाहिलं. मला वाटलं, आता शिव्या. तो म्हणाला, "थांबवून का होते? डब्यासारखा वाजवा! सारेच्या सारे डब्यासारखे वाजवा!" आणि मला म्हणाला, "ठेका सांगा, बाई."

टण् टण्, टणाण्. टण् टण्, टणाण्. वीस दिवस तो ठेका गाव कुंपणावरून ऐकत होता. सांगायची गरजच नव्हती. ढोलांनी तो उचलला, डफड्यांनी उचलला. गिरजाबाईनं ओवाळणीचं ताट पालथं केलं आणि पळीनं बडवायला घेतलं. दिवा विझला, हळद-कुंकू मातीत गेलं. मग सगळ्याच बायकांची ताटं पालथी झाली. सगळा गाव जंगलाकडे तोंड करून बांधावर उभा राहिला आणि जेवायची वर्दी वाजवायला लागला. मागे उधळलेल्या गाई शांत होऊन बघत होत्या, माणसांना काय झालं म्हणून.

किती वेळ? मला विचाराल तर मी तासभर सांगेन, मास्तर म्हणायचे चिलीम भरावी एवढा. रामाजीनं तिकडे बॉम्ब फोडायचे थांबवले, नंतर म्हणाला, "मले वाटलं गावात दरोडा पडला." सूर्य झाडांच्या शेंड्यावर टेकला. आणि दूर, शेवटच्या बांधीच्या अलीकडे, धान हललं.

वाजवणं कुणी थांबवलं नाही. हलणारं ते काय आहे, हे अजून कुणालाच दिसत नव्हतं. पिवळ्या धानात खाकी कुत्राही तसाच हलला असता आणि बिबट्याही. गिरजाबाई माझ्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली आणि ताट आणखी जोरात बडवायला लागली.

आधी ताटली दिसली. मावळतीचं ऊन पडून लखलखली. मग तिच्यामागचं तोंड. चिखलानं माखलेला, दीड कानाचा, उपाशी ठाणेदार बांधावर चढला आणि सगळ्या गावाकडे बघून थबकला. दोनशे माणसं आपल्यासाठी डबा वाजवतायत! त्याच्या आयुष्यातला तो सर्वोच्च क्षण होता. तो माझ्याकडे आलाच नाही हो! पहिल्या माणसापुढे ताटली ठेवून बसला. वाजवलं ना? वाढा. मग दुसऱ्यापुढे. मग सोमाजीपुढे. लोकांनी गाईंसाठी आणलेल्या पुरणपोळ्या काढल्या. सोमाजीनं स्वतःच्या हातानं भरवलं आणि ढोल पुन्हा सुरू झाले, आणि त्या वर्षी गायगोधनाच्या फेरीत कळपाच्या पुढे एक कुत्रा चालला. पोटाला तडस लागल्यानं हळूहळू.

गिरजाबाईपुढे तो सगळ्यात शेवटी बसला. राजाची ताटली तिच्या पायाशी ठेवून. तिनं तिच्यात पोळी वाढली, आणि तेव्हा ती रडली. महिनाभर राहिलेलं सगळं.

त्यानंतर दरवर्षी दिवाळीचे तीन दिवस मी सकाळपासून डबा घेऊन ओट्यावर बसायची. गावात कुठेही फटाका वाजला की मी लगेच त्याहून जोरात डबा वाजवायची, आणि ठाणेदार माझ्याकडे पळत यायचा. फराळ झाला नाही, पाहुण्यांशी धड बोलणं झालं नाही, पण कुत्रा ओट्यावर. पाहुणे विचारायचे, "मास्तर, बाईंना काही त्रास होतो का?" मास्तर म्हणायचे, "आम्हाला होतो."

नातीला हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मग मी डबा वाजवू?" म्हटलं, कानटोपीच बरी. तुझ्या सोसायटीत दोनशे माणसं ताटं घेऊन खाली येणार आहेत का?

ठाणेदार त्यानंतर आठ दिवाळ्या जगला. नवं शतक पाहिलं त्यानं. आमच्या गावात, जंगलाच्या कडेला, त्या काळी कुत्रं म्हातारं होत नसे; त्याच्या आधीच काही ना काही होत असे. आमचा झाला. तोंड पांढरं झालं, दात गेले, शेवटी ऐकू यायचंही गेलं. शेवटच्या दिवाळीत गल्लीत लडीवर लडी फुटत होत्या आणि तो ओट्यावर घोरत होता. मला उगाच वाईट वाटलं. आता डबाही त्याला ऐकू येणार नाही, म्हणून.

तरी सवयीनं मी डबा जवळ ओढला. त्यानं झोपेतच मान उचलली, हनुवटी डब्यावर टेकवली आणि थांबला. मी पत्र्यावर बोटानं हलकेच टकटक केली, पहिल्या दिवशी गोधडीवरून केली होती तशी. टण् टण्, टणाण्.

डोळे मिटलेलेच. फक्त तोंड उघडलं.